गोष्टगप्पा, पिवळी टोपी आणि मदतनीस आया

शाळेतले किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्याच्या पिशवीतून ते आपोआप घरी येतात. त्यातून आई ‘मदतनीस पालक’ असेल, तर विचारायलाच नको!

माझी इरा तिसरीत आहे. तिच्या वर्गशिक्षिका नीलिमाताईंची पद्धत अशी : पाच मुलं सतरंजीवर ताईंसोबत एका गोष्टीवर गप्पा मारणार. बाकीची तेवढा वेळ आपापली वाचणार, लिहिणार, शब्दकोडी सोडवणार. दर बुधवारी एक आई मदतीला. मी नाव दिलं ते काही समाजसेवा म्हणून नाही. घरी अखंड बडबडणारी इरा सतरंजीवर चकार शब्द काढत नाही, असं ताई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून बालमानसशास्त्राचे निम्मे व्हिडिओ माझ्याच जिवावर चालतायत.

*

गप्पांना बसताना ताई पिवळी टोपी घालतात. टोपी डोक्यावर असेपर्यंत बाकीच्यांनी त्यांना काही विचारायचं नाही, आपलं आपण निस्तरायचं.

पहिल्याच बुधवारी शौर्य माझ्यासमोर उभा.

“काकू, तुम्हाला टोपी नाही?”

“नाही रे.”

“म्हणजे तुम्हाला काहीही विचारलं तर चालतं!”

बघता बघता माझ्यापुढे स्वारगेटला बससाठी लागते तशी रांग! मी पेन्सिलींना टोकं काढली, वाक्यं सुचवली, एकीची वेणीसुद्धा घातली.

तास संपल्यावर ताई म्हणाल्या, “स्वतंत्र काम मुलांनी करायचं असतं. पण तुम्हाला हौसच असेल, तर असू दे.”

*

एकदा एक आयटीवाले बाबा वर्ग बघायला आले. कोपऱ्यात चार मुलं पालथी पडून वाचत होती.

त्यांनी ताईंना विचारलं, “मॅडम, ही मुलं काय करतायत?”

“वाचतायत.”

“ते दिसतंय हो. पण शिकवतंय कोण त्यांना?”

“कोणी नाही. म्हणून तर वाचतायत!”

*

लिहिण्याच्या कोपऱ्यातलं काम : गोष्टीतल्या एका पात्राला पत्र लिहा. गोष्टीत एक कोल्हा गोड गोड बोलून अस्वलाचा सगळा मध लाटतो. मला वाटलं, मुलं मैत्रीवर वगैरे लिहितील.

शौर्यनं लिहिलं, “प्रिय अस्वल, यापुढे कुणालाही ओटीपी सांगू नकोस.”

*

आता आमचा पराक्रम. आयांच्या ग्रुपवर मंगळवारी मेसेज आला : “उद्याच्या चर्चेची आन्सर्स कुणाकडे आहेत का?”

चर्चेची उत्तरं! मी हसले. मग वाघोलीच्या एका आईनं पीडीएफ टाकली, ती मुकाट्यानं डाउनलोड केली. रात्री जेवताना इराकडून पाठही करून घेतली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, “कोणतं पात्र आवडलं?”

पहिला म्हणाला, “गाढव. कारण त्याच्यात मला माझं प्रतिबिंब दिसतं.”

दुसरी म्हणाली, “गाढव. कारण त्याच्यात मला माझं प्रतिबिंब दिसतं.”

तिसऱ्याचंही गाढव, चौथीचंही गाढव!

ताई म्हणाल्या, “वा! घरी बरीच तयारी झालेली दिसते. गाढवांची.”

पाचवी इरा. ती गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या गप्प बसण्याचा मला अभिमान वाटला.

*

तो अर्थात एकच दिवस टिकला. सहामाहीच्या पालकसभेत ताई पुन्हा म्हणाल्या, “तिला सांगायचं असतं हो. पण ती आधी इकडेतिकडे बघते.” त्या आठवड्यात मी इराला काहीही पढवायचं नाही असं ठरवलं, आणि पाळलंसुद्धा.

बुधवारी मी शब्दकोड्यांच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले. सतरंजीवर गोष्ट होती एका मांजरीची. घरात दूध, गादी, लाड, सगळं असून ती एक दिवस निघून जाते.

“का गेली असेल?” ताईंनी विचारलं.

एक म्हणाला, “उंदीर नसतील.” एक म्हणाली, “तिला बोअर झालं असेल.”

“इरा, तुला काय वाटतं?”

इरानं ताईंकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती बोलली!

“ताई, आधी आईला विचारा. तिनं केव्हाचा हात वर केलाय.”

मी वर पाहिलं. खरंच केला होता.