अकरा महिन्यांचा गौतम

दुष्काळात आमच्या दूध संघाचं दूध आटलं, किस्से मात्र आटले नाहीत. वीस वर्षं कारकुनी केली, सगळे सांगत बसलो तर चहा तीनदा होईल. म्हणून गौतमचे तेवढे सांगतो.

गौतम बेंबळीचा. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून काखेत कुबडी. मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं.

*

संघाचा एक रिवाज होता. शिपाई असो की कारकून, मुलाखतीला आलेल्यानं दुधाचा कॅन उचलून दाखवायचा. गौतम कारकुनाच्या जागेसाठी आला, तर कुबडी बघून एक संचालक म्हणाले, याला कसं जमायचं? गौतमनं शांतपणे विचारलं, इथले जुने कारकून रोज किती कॅन उचलतात?

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमचे चेअरमन अण्णा म्हणाले, "कुलकर्णी, दाखवा बरं उचलून."

मी नोकरीला लागलो ते साल दुष्काळाचं, त्यामुळं मी रिकामा कॅन उचलून पास झालो होतो. हा भरलेला! कॅन जागचा हलला नाही, माझी कंबर तेवढी धरली. गौतमला ऑर्डर मिळाली, अकरा महिन्यांची.

*

कायम व्हायचं तर डॉक्टरांचा दाखला हवा. डॉक्टर बसायचे माडीवर. गौतम वीस पायऱ्या चढून गेला. डॉक्टरांनी कुबडीकडं बघितलं आणि खुर्चीतून न उठता लिहिलं, 'जिना चढता येत नाही, कामास अपात्र.'

गौतम म्हणाला, "साहेब, हे खालीच कळवायचं, मी वर आलो नसतो."

*

मग दरसाल तेच. अकरा महिने काम, एक महिना घरी, पुन्हा नवी ऑर्डर. अण्णा मनाचे फार चांगले, पण तो दाखला धरून बसलेल्या संचालकांना दुखवायची त्यांची तयारी नव्हती. 'पुढच्या साली बघू' म्हणायचे. इकडं गौतमची सोयरीक अडलेली. मुलीकडच्यांना कुबडी चालत होती, टेंपरवारी नोकरी चालत नव्हती. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी तरी काय करणार होतो?

*

एका वार्षिक सभेत त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, 'संघाचं भूषण' वगैरे भाषणं. नेमका तो अकराव्या महिन्याचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून भूषण घरी.

*

उमरग्याला सगळ्या संघांच्या चेअरमन लोकांची बैठक होती. अपंगांसाठी कडक कायदा करावा का, असं एका सरकारी साहेबांनी विचारलं. एकेक जण उठून सांगू लागला की सक्ती कशाला, आमच्यात दया आहे. शेवटी अण्णा उठले.

"दया माझ्यात बी लई हाय. म्हणून तर आमच्या संघातलं पोरगं पाच साल टेंपरवारी ऱ्हायलंय. कायदाच करा."

कुणी टाळी वाजवली नाही. चहा मात्र लवकर आला.

*

साहेबांनी अण्णांचं म्हणणं लेखी मागितलं. अक्षर चांगलं म्हणून लिहायला गौतमच बसला. अण्णा सांगत होते : अपंग माणूस काम नीट करत असूनही जो मालक त्याला कायम करत नाही, त्याच्यावर खटला भरता आला पाहिजे.

गौतमनं मान वर न करता विचारलं, "उदाहरण द्यावं लागंल, अण्णा. कुणाचं घालू?"

अण्णा म्हणाले, "खरं असंल ते घाल."

गौतमनं लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. अण्णांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. उदाहरणात त्यांचं नाव होतं, आडनाव होतं, वडिलांचं नाव राहून गेलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं मधे घातलं आणि खाली सही केली.