विहीणबाईंचा राखीव फ्लेअर

तुमच्या कोल्हापूरच्या आजीने अंतराळयानांच्या त्या खेळात कधी एक गोळीही झाडली नाही, तरी तिच्याशिवाय तुम्ही दोघं खेळायला बसत नव्हता. मिहिर यान चालवायचा, ईरा तोफा सांभाळायची आणि बचावाची बटणं विहीणबाईंकडे. सुनेची आई म्हणून त्या व्हिजिट व्हिसावर कुवेतमध्ये फहाहीलला आमच्याकडे आल्या आणि सोफ्याची मधली जागा त्यांची झाली. ती आधी माझी होती.

शत्रूचं क्षेपणास्त्र इंजिनाची धग हुंगत मागे लागलं, की फ्लेअर, म्हणजे जळता गोळा, सोडायचा. क्षेपणास्त्र फसून त्याच्या मागे जातं. पण फ्लेअर मोजकेच. लवकर सोडला तर वाया, उशीर झाला तर यान गेलं. भोंगा वाजला की तुम्ही किंचाळायचात, आणि विहीणबाई लसूण सोलत बसल्यासारख्या शांत. "येऊ दे. अजून जवळ येऊ दे," म्हणत अगदी शेवटी बटण दाबायच्या. एक फ्लेअर मात्र कायम राखून ठेवायच्या. "सगळं संपवून बसू नये, बाळा. अजून घरी जायचं असतं."

मला ते बघवत नसे. तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं मी, डबे भरले मी, आणि तुम्ही रेलायचात त्यांच्या खांद्यावर. म्हणून एका शुक्रवारी खेळाच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मी त्यांच्या जागी बसले. पहिला भोंगा वाजताच सगळे फ्लेअर सोडून दिले. दुसऱ्या क्षेपणास्त्राने आपलं यान उडवलं.

"आजी, यू पॅनिक्ड," ईरा म्हणाली.

"इतकी वर्षं शाळेत शिकवलंत ना, विहीणबाई," त्या हसत म्हणाल्या, "पोराने विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळ्या."

घरातही त्यांचं तेच तंत्र. एकदा तुमचे बाबा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून तापलेलेच आले आणि नेमके मिहिरचे गणिताचे मार्क हाती पडले. मी मध्ये पडले असते, तर बाबा माझ्यावरच उखडले असते. विहीणबाई थांबल्या. बाबांनी "मिहिर, इकडे ये" म्हणताच त्यांनी मोबाईल पुढे केला. "जावईबापू, कोल्हापूरला फोनच लागेना. जरा बघता?" फोन लागेपर्यंत राग निवला. "फ्लेअर," मिहिर पुटपुटला. कौतुकाने. माझ्याबद्दल तो स्वर मी कधी ऐकला नव्हता.

मग तुम्ही आईबाबांबरोबर कॅनडाला निघालात. विमानतळावर तुम्ही दोघं त्यांच्या दोन्ही हातांना लटकलेले, आणि मी सामानाच्या ट्रॉलीपाशी पासपोर्ट धरून उभी. आत जायची वेळ झाली. मला तुम्हाला एकदा नीट जवळ घ्यायचं होतं, पण मधे शिरायचं कसं?

तेवढ्यात विहीणबाई ओरडल्या, "माझा चष्मा कुठाय? अगं बाई, गाडीत राहिला वाटतं." हात सोडवून त्या निघाल्या, मागोमाग तुमचे आईबाबा आणि इथले आजोबाही. तुम्ही दोघं तेवढे माझ्यापाशी उरलात. मी तुम्हाला घट्ट धरलं.

"आजी," ईरा माझ्या पदरात हसत म्हणाली, "चष्मा तिच्या पर्समध्येच आहे. दॅट वॉज फॉर यू."

"आणि किती उशिरा सोडला बघ," मिहिर म्हणाला. "शी इज द बेस्ट."

तेवढ्या वेळात तुम्ही दोघं माझ्या कुशीत होतात, आणि बोलत होतात तिच्याबद्दल.