दिव्याची उघडझाप

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आमच्या शेजारी एक काका राहतात. माझ्या तीस वर्षांच्या गाडीला बिघाड वाचणारा नवा स्कॅनर लागत नाही म्हटल्यावर त्यांनीच बॅटरीमागे दडलेला, काळ्या झाकणाचा कनेक्टर शोधून काढला. चेक इंजिनचा दिवा लागला की ते त्या कनेक्टरची दोन भोकं वायरच्या तुकड्याने जोडायचे, चष्मा कपाळावर चढवून डॅशबोर्डसमोर बसायचे आणि दिव्याची उघडझाप पुटपुटत मोजायचे; त्या आकड्यावरून बिघाड कुठला ते कळायचं. मध्येच माझा फोन वाजला तर पुन्हा पहिल्यापासून. "अरे, गाडीचं सांगून होऊ दे की," म्हणायचे.

एका शनिवारी मला घाई होती. मी बॅटरीची वायर काढून परत लावली आणि दिवा गेला. तेवढ्यात काका आकडे टिपायची वही घेऊन आले.

"काका, मीच फिक्स केलं!" मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी वही मिटली. "ती काय सांगत होती, ते पुसलंस तू," एवढंच म्हणाले आणि कनेक्टरचं झाकण अंगठ्याने दाबून नीट बसवलं.

आता ते मुलांची चौकशी करतात, गाडीचा विषय काढत नाहीत.

काल दिवा पुन्हा लागला. वायर जोडून मी एकटाच मोजायला बसलो. चार की पाच, नक्की होईना. शेजारी काका गुलाबांना पाणी घालत होते. मी गाडीची काच वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो.