वहिनींची माशीमार

रेल्वेतल्या माणसाला किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. यार्डातल्या भंगारासारखं आहे ते. कुणी आणून टाकलं हे कुणीच सांगत नाही, पण ढीग मात्र रोज वाढलेला असतो! माझी सगळी नोकरी झाशीच्या पार्सल ऑफिसात गेली. खरबुजांच्या पाट्या, आंब्यांच्या पेट्या, गुळाच्या भेल्या हे सगळं माझ्या नाकासमोरून गेलं. आणि जिथं हे, तिथं माश्या. त्यामुळे माझ्या ढिगातले निम्मे किस्से माश्यांचे आहेत.

एक आधीच सांगून ठेवतो. माशी कशानं मारावी, यातलं मला कळतं. उगाच विनय दाखवण्यात अर्थ नाही.

गोष्ट कोळशाच्या इंजिनांच्या दिवसातली. स्टेशनापासून चार पावलांवर आमच्या रेल्वे इन्स्टिट्यूटची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबची, इमारत होती. खाली नानांचं कॅन्टीन, शेजारी पत्त्यांची खोली, आणि वरच्या मजल्यावर बाहेरून तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी राखून ठेवलेली खोली. नाना एके काळी मेल गाडीचे ड्रायव्हर. डोळ्यांच्या तपासणीत लांबचा सिग्नल धूसर दिसतो असं निघालं आणि त्यांना इंजिनावरून उतरवलं. बसून करायचं काम देत होते. नाना म्हणाले, "इंजिन चालवलेला माणूस फायली चालवणार नाही!" आणि त्यांनी कॅन्टीन घेतलं. म्हणजे नाव नानांचं, चालवायच्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी.

दोघंही झाशीचेच. पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेली घराणी. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरत, त्यांचं त्यांनाही कळत नसे. आम्ही बाकीचे महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले. मी, गार्ड बापट आणि वर्कशॉपमधला फिटर जाधव. तिघांचं घर दूर, आणि पोट वहिनींच्या हातात.

एकदा आरोग्य खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. वहिनींनी वाटीत दही वाढलं, आणि साहेबांच्या देखत त्यात माशी पडली. साहेब उठले. "अगली बार एक भी मक्खी दिखी, तो यह कैंटीन किसी और को!" म्हणाले आणि न जेवता गेले.

त्या दिवशी वहिनी पोळ्या लाटता लाटता पदरानं डोळे पुसत होत्या. मला ते बघवलं नाही. त्या घराला दुसरी मिळकत नव्हती. आम्ही तिघांनी तिथंच ठरवलं, साहेब पुन्हा यायच्या आत या कॅन्टीनला चांगली माशीमार मिळाली पाहिजे.

* * *

तोवर आमच्याकडे माशी मारायला काय होतं? वर्तमानपत्र! बापट त्याची घट्ट सुरळी करायचे आणि फटाफट मारायचे.

माझं मत मी तेव्हाच दिलं होतं. सुरळी माशीवर पोचायच्या आधी तिचा वारा पोचतो, आणि माशी उडून जाते. बापट म्हणाले, "आमच्या हाताला वारा नाही, वेग आहे." आणि खरंच, दहातली एखादी मारायचे. उरलेल्या फटक्यांनी कप फुटायचे.

एकदा दुपारी जाधव घामाघूम होऊन आला. कसोटी सामना चालू होता. त्यानं आल्या आल्या टेबलावरचा पेपर उलगडला, वरून खालपर्यंत बघितला, मग उजेडाकडे धरून बघितला.

"बापटसाहेब, आपल्या कप्तानाचे किती झाले?"

बापट शांतपणे म्हणाले, "माशीखाली आहेत!"

* * *

मग वहिनींचे बंधू छावणीतून एक चामड्याची माशीमार घेऊन आले. कुठल्याशा बंगल्याचं जुनं सामान विकायला निघालं होतं, त्यात मिळाली. वेताची दांडी, पुढे तळहाताएवढा चामड्याचा तुकडा. वस्तू देखणी! भिंतीवर टांगली तर कॅन्टीनला साहेबी कळा आली.

पण वहिनींनी तिला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. "चमड्याची आहे न ती? मग ती बाहेरच राहील. माझ्या चुलीपाशी चमडं नाही चालायचं, सांगून ठेवते."

झालं! माशीमार बाहेरच्या खोलीत खिळ्याला, आणि स्वयंपाकघरात तिला बंदी. बाहेर आम्ही माशी मारायला हात उचलला, की माशी उंबरा ओलांडून आत. आत जाऊन भाताच्या पातेल्यावर निवांत बसायची. आम्ही माशीमार घेऊन उंबऱ्याशी उभे, ती बाहेर यायची वाट बघत!

असे आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी नानांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "बघा, माश्यासुद्धा सोवळ्यात जेवायला लागल्या."

* * *

नानांचं या सगळ्या उद्योगाबद्दल स्वतःचं एक मत होतं, आणि ते आमच्या विरुद्ध होतं.

"मारता कशाला?" ते म्हणायचे. "रेल्वेत कुणाला कधी मारतात का? नको असेल त्याची बदली करतात!"

आम्ही हसायचो. वहिनी म्हणायच्या, "अहो, तुम्ही आपले चुप बसा न जी."

पण नाना चूप बसणारे नव्हते. त्यांचा एक मावसभाऊ झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावच्या बाजारातून गुळाची भेली आणून द्यायचा. काळाकुट्ट, ओलसर गूळ, वासानंच तोंडाला पाणी सुटावं असा. शेजारच्या पत्त्यांच्या खोलीत दिवसभर आरडाओरडा चालायचा, त्याचा नानांना फार ताप. एका दुपारी नानांनी त्या खोलीच्या खिडकीत पाण्यात कालवलेल्या गुळाची बशी ठेवली आणि येऊन खुर्चीत बसले.

थोड्याच वेळात आमच्याकडे एक माशी उरली नाही. पलीकडून आधी शिव्या ऐकू आल्या, मग टाळ्या ऐकू आल्या, पण त्या टाळ्या डाव जिंकल्याच्या नव्हत्या. शेवटी पत्ते खिशात कोंबत सगळी मंडळी आमच्याकडे आली. त्यातला एक म्हणाला, "नानाजी, आपके यहाँ मक्खी नहीं है! क्या बात है?"

नाना म्हणाले, "बैठिए. चाय पीजिए. बस, शोर मत कीजिए."

वहिनींना हे कळलं तेव्हा त्या इतक्या चिडल्या, की गुळाचा डबा त्यांनी फळीवर सगळ्यात वर नेऊन ठेवला. "साहेबांच्या पुढे असले खेळ नाही चालायचे! मला माशीमार पाहिजे म्हणजे पाहिजे."

* * *

आता बापटांचं. बापट पेपरावरून उठले ते थेट झेंडीवर गेले. गार्डच्या काखेत हिरवी आणि लाल, दोन झेंड्या कायम गुंडाळलेल्या असतात. काठी हाताशी, कापड मऊ, कप फुटत नाही. कॅन्टीनमध्ये बसल्या बसल्या ते झेंडीनं माश्या मारायचे. मी बजावलं होतं, "बापट, सरकारी झेंडी आहे. हाताला असली सवय लावू नका."

एके सकाळी बापटांची मालगाडी सुटायच्या बेतात उभी होती. सिग्नल पडला होता. बापट आपल्या डब्यापाशी फलाटावर उभे राहून वहिनींनी पाठवलेले पोहे खात होते. पोह्यांवर माशी बसली. बापटांनी सवयीनं काखेतली झेंडी ओढली आणि सपकन फिरवली. झेंडी उलगडली. होती हिरवी!

पुढे ड्रायव्हर मागे बघतच होता. त्यानं शिट्टी दिली आणि गाडी हलवली. बापट एका हातात ताटली, एका हातात झेंडी घेऊन पळाले आणि कसेबसे डब्यात चढले. पोहे फलाटावर, ताटली थेट बीना जंक्शनला!

दुसऱ्या दिवशी ताटली परत द्यायला आले, तेव्हा बिचाऱ्यांनी सगळी हकीकत सांगितली. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते जाऊ द्या, भावजी. माखी मेली का?"

बापट म्हणाले, "नाही. तीही गाडीत चढली."

* * *

शेवटी वहिनी मला म्हणाल्या, "चला भावजी, सदर बाजारातून आपणच पसंत करून आणू." तिथं नुकत्याच प्लास्टिकच्या आल्या होत्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. दुकानदारानं ढीगच पुढे टाकला.

वहिनींनी एकेक उचलली, हवेत फिरवली, दांडी वाकवली, भोकांतून माझ्याकडे बघितलं. दुकानदार कंटाळला. "बहनजी, मक्खी मारने की चीज़ है, साड़ी थोड़े ही है!"

"साड़ी गलत निकली तो बक्से में पड़ी रहेगी, भैया," वहिनी म्हणाल्या. "यह गलत निकली तो मेरी रसोई जाएगी."

आणि ती माशीमार हातात घेऊन त्या सरळ शेजारच्या हलवायाच्या दुकानात शिरल्या! जिलबीच्या परातीभोवती पाच-सहा फटके, पाच-सहा माश्या गार. परातीला धक्का नाही. हलवाई हात जोडून म्हणाला, "बहनजी, रोज़ आया कीजिए!"

मी छाती काढून सांगितलं, हीच घ्या. भोकं आहेत म्हणून वारा निघून जातो, दांडी लवचिक आहे म्हणून फटका चपळ बसतो, आणि धुता येते. निवड बिनचूक होती, आजही माझं तेच म्हणणं आहे. फक्त वहिनींनी ती कॅन्टीनमध्ये नेऊन भट्टीशेजारच्या खिळ्याला टांगली. झाशीचा मे महिना, बाहेर लूच्या झळा, आत कोळशाची भट्टी. संध्याकाळपर्यंत माशीमार कमरेत वाकली.

नाना म्हणाले, "साहेबांना मुजरा करायची प्रॅक्टिस करतेय."

या वेळी वहिनी हसल्या नाहीत. साहेब पुढच्याच आठवड्यात येणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

* * *

राहिला जाधव. जाधवचा हात सोन्याचा, पण त्याला इंजिनाच्या मापानं वस्तू करायची सवय. त्यानं पहिली माशीमार आणली तिची दांडी लोखंडी सळईची आणि पुढे दोन पदरी जाळी. मी एकदा उचलली आणि मनगट धरून बसलो. जाधवनं स्वतः प्रात्यक्षिक दाखवलं. टेबलावर माशी, वरून फटका. माशी उडाली आणि टेबल बसलं!

वहिनींनी मोडका पाय हातात घेतला आणि म्हणाल्या, "जाधव, मला माखी मारायची आहे, म्हैस नाही."

मग मात्र आम्ही दोघांनी डोकं लावलं. मी सांगायचं, त्यानं करायचं. बांबूची चिरलेली दांडी, हातभर लांब. त्याहून लांब असली तर मागच्या भांड्यांना लागते. पुढे वहिनींच्याच जुन्या चाळणीची बारीक जाळी, आणि कडेनं त्यांच्या लुगड्याचा काठ शिवलेला, म्हणजे कपाला लागली तरी तडा नाही. चामडं नाही, वितळणं नाही, वारा नाही. फटका द्यायचा तो माशीच्या किंचित पुढे, कारण ती पुढेच झेप घेते.

वहिनींनी ती आधी धुतली, मग चुलीपाशी उभं राहून एक फटका मारला. माशी मेली आणि भांडं वाजलं नाही. वहिनींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं! "हीच," म्हणाल्या. जाधवनं त्याच दिवशी अगदी तशीच दुसरीही करून दिली.

* * *

साहेब आले तो दिवस नेमका ढगाळ आणि दमट. बाहेर खरबुजांच्या साली पडलेल्या. असल्या दिवशी माश्यांना ऊत येतो. सकाळीच वरची खोली साहेबांसाठी झाडून, खिडक्या उघडून ठेवली होती. साहेब तिथं बॅग ठेवून आधी यार्डाकडे गेले.

दुपारी ते कॅन्टीनमध्ये शिरले तेव्हा वहिनी माशीमार घेऊन चुलीपाशी उभ्या होत्या. एका कोपऱ्यात मी, बापट आणि जाधव. बापटांना मी झेंड्या बाहेर ठेवायला लावल्या होत्या. नानांचा पत्ता नव्हता. ऐन वेळी हा माणूस कुठं गेला, म्हणून मला मनस्वी राग आला.

साहेब मुद्दाम हळूहळू जेवले. दह्याची वाटी त्यांनी उघडीच ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. आम्हीही बघत बसलो. एकसुद्धा माशी आली नाही! छताला नाही, खिडकीत नाही, खरकट्यावर नाही. मला क्षणभर आमच्या माशीमारीचा इतका अभिमान वाटला, की विचारू नका. मग लक्षात आलं, की वहिनींनी तर सकाळपासून ती एकदाही उचललेली नाही.

साहेबांनी ती जाळीची माशीमार हातात घेऊन उलटसुलट बघितली. "इसी से?"

वहिनींच्या तोंडून कसंबसं "जी" निघालं.

"हूँ," म्हणाले. "फ़ैसला ऊपर जाकर लिखूँगा." आणि गेले.

वहिनी फळीकडे वळल्या, आणि त्यांची नजर वर गेली. गुळाचा डबा जागेवर नव्हता.

तेवढ्यात मागच्या दारानं नाना आले. हातात रिकामी परात. कुणाशी न बोलता ते नळावर गेले आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागले.

वरून जोरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी आपटल्याचा. मग पुन्हा. मग साहेबांचा शिपाई जिन्यावरून धावत खाली आला.

"भाभीजी, साहब ने कैंटीन पास कर दी! और कहा है, वह जाली वाली ज़रा जल्दी ऊपर भिजवा दीजिए. दूसरी हो तो वह भी!"

वहिनींनी नानांकडे बघितलं. नाना पंच्याला हात पुसत होते.

"देऊन टाक दोन्ही," नाना म्हणाले. "आपल्याकडे आता त्यांचं काय काम?"