अप्पांच्या वाढदिवसाची ओहोटी

समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचे खेळ ठरवायचं काम वहिनीकडे होतं. व्हॉलीबॉल कधी, मुलांचे वाळूचे किल्ले कधी, खडकांतले खेकडे बघायला कधी न्यायचं, सगळं तिनं ठरवायचं आणि पाहुण्यांनी मोडायचं. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, हे सांगता सांगता तिच्या घशाला कोरड पडायची. माणसं घोट्याएवढ्या पाण्यात व्हॉलीबॉलचं नेट धरून उभी राहायची आणि तिच्याकडे अशी बघायची, जणू नळ तिनंच सोडलाय.

एवढं ऐकून घरी यावं, तर घरी नणंदबाई बसलेल्या. राहायच्या दोन गल्ल्या पलीकडे, पण हुकूम सोडायला रोज हजर. या वेळी विषय होता अप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा. वहिनीचे हे सासरे न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून चाकांचा वॉकर धरून दिवाणखान्यातून गॅलरीत, गॅलरीतून दिवाणखान्यात करत होते. काय हवं विचारलं तर म्हणाले, "मला एकदा समुद्रात पाय बुडवायचेत. केक तुमचा तुम्ही खा."

नणंदेनं लगेच फोन फिरवले. रविवारी दुपारी एक वाजता, किनाऱ्यावर जेवण, सगळ्यांना सोयीचं.

"एकला भरती आहे," वहिनी म्हणाली.

"असू दे की. पाण्यातच तर जायचंय."

"अगं, तेव्हा पाणी थेट भिंतीला लागतं. वाळूच नसते. आणि कोरड्या वाळूत अप्पांच्या वॉकरची चाकं रुततात. ओली, घट्ट वाळू लागते, ती ओहोटीलाच मिळते. म्हणजे सकाळी साडेसातला."

"रविवारी साडेसातला कोण उठतं, वहिनी? तू पण ना, घरात सुद्धा ड्यूटीवर असल्यासारखी बोलतेस."

नवरा नेहमीप्रमाणे मध्ये पडला. "तडजोड करू. दहा म्हणू या."

"अहो, तडजोड कुणाशी? समोरच्या पार्टीला, समुद्राला, विचारलंत का?"

दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी साडेसात ठरलं, पण असं, की जणू सगळ्यांनी वहिनीवर उपकार केले.

रविवारी सकाळी तिनं सँडविच केली, चहा थर्मासमध्ये भरला आणि फोन लावला. नणंद म्हणाली, "निघतोच आहोत." मागे केस वाळवायच्या मशीनचा आवाज येत होता. धाकट्या दिराला गाडीची किल्ली सापडत नव्हती. नवरा केक आणायला म्हणून गाडी घेऊन गेलेला. दुकान नऊला उघडतं हे त्याला दुकानासमोर उभं राहिल्यावर कळलं होतं. "आलोय तर थांबतोच," तो म्हणाला. वहिनीनं फोन ठेवला, कारण जे तोंडावर आलं होतं ते सासऱ्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

अप्पा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. पँट आधीच गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"सूनबाई, पाणी थांबलंय का आपल्यासाठी?"

"पाणी नाही थांबत. आपण पण नाही थांबायचं. चला." तिनं टॅक्सी बोलावली आणि निघताना दारातली दोन पायपुसणी उचलून बगलेत मारली.

होड्या उतरवायच्या उतारापर्यंत ठीक गेलं. पुढे कोरड्या वाळूचा पट्टा होता. वहिनी एक पायपुसणं पुढे अंथरायची, अप्पा त्यावर यायचे, मग मागचं उचलून पुढे. वाकून वाकून तिची कंबर मोडली. एकदाची ओली वाळू लागली आणि चाकं सुरसुर धावायला लागली. अप्पा इतके सुटले की तिलाच मागे पळावं लागलं.

"हळू, अप्पा. इथंच थांबा. लाट घोट्याच्या वर येणार नाही, मी बघितलंय."

वारा मात्र तिनं बघितला नव्हता. पुढची लाट गुडघ्यापर्यंत आली, वॉकर हलला आणि वहिनीनं मागून अप्पांचा पट्टा गच्च धरला.

"सोड."

"अप्पा, पडाल."

"पट्टा सोड आधी. मी काय बांधलेली होडी आहे? वर्षभर जो तो नुसता धरूनच ठेवतोय. संडासाला निघालो तरी दाराबाहेर कुणीतरी उभं."

अप्पा घरात कधी आवाज चढवत नसत. दाराबाहेर बहुतेक वेळा आपणच उभ्या असतो, हे वहिनीला आठवलं आणि तिचा सकाळपासूनचा राग क्षणभर कुणावर काढावा हेच तिला कळेना. तिनं पट्टा सोडला. दोन पावलं मागे सरली आणि हात एकमेकांत अडकवून उभी राहिली, नाहीतर हातच पुन्हा पट्ट्याकडे गेले असते.

अप्पा उभे राहिले. लाट आली, गेली. पायांखालची वाळू सरकायची तेव्हा ते बोटं रोवायचे, जरा डुलायचे, पुन्हा सावरायचे.

पाणी चढायला लागलं तसं ती म्हणाली, "आता निघू या."

"अजून थोडं."

हेच पाहुण्यांनी म्हटलं की ती शिट्टी फुंकायची. आज ती तिथंच उभी राहिली. जरा वेळानं अप्पा स्वतःच वळले.

उतारावर बसून दोघांनी चहा घेतला आणि सगळी सँडविच संपवली. मंडळी साडेदहाला आली. नणंदेच्या डोक्यावर मोठी हॅट, नवऱ्याच्या हातात केक, आणि निम्मी वाळू पाण्याखाली.

"सुरुवात केलीत पण?" नणंदेचं तोंड उतरलं. "आता फोटो कसा निघणार? अप्पा, पुन्हा एकदा जरा उभे राहा ना पाण्यात."

"माझं झालं," अप्पा म्हणाले. "केक काप."

केक गाड्या लावायच्या जागेत, गाडीच्या बॉनेटवर कापला.

"रागावलीस का गं?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत रागावलेलीच राहिली.

पुढे सोयीची ओहोटी आली की ती अप्पांना गुपचूप घेऊन जायची. वॉकर ते स्वतः ढकलायचे, ती जरा लांबून चालायची. नणंदेला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला कधी सांगत नाहीस." वहिनीनं लगेच पुढची वेळ सांगितली. पहाटेचे पावणेसहा. नणंदेनं विषय बदलला.