दुसरी गोळी सुटली नाही

तो प्रसंग आठवल्याशिवाय माझी एकही दिवाळी जात नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सकाळी झाडांना पाणी घालतो, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो, तसा सुखात आहे. पण शेजारी फटाका वाजला आणि त्याच्यामागून दुसरा वाजला नाही, की मी हातातलं काम सोडून उभा राहतो. दुसरा का नाही वाजला? बायको म्हणते, "अहो, संपले असतील त्यांचे." तिचं बरोबर असतं, पण मी तसाच कान देऊन उभा असतो.

मी तेव्हा गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच उरकली होती. एका दरोड्यात राखणदाराला गोळी घालून फरार झालेला आरोपी आम्ही कितीतरी दिवस शोधत होतो. तो आमच्याच हद्दीतला. बर्फाचा धंदा करणारा माझा एक खबरी होता. तो फोनवर कधीच सरळ बोलायचा नाही, पण त्या सकाळी सरळ बोलला. "साहेब, होडीनं येतोय तो. जेटीवर उतरल. गावठी कट्टा हाय त्याच्याकडं, जपून ऱ्हावा."

मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि सापळा लावला. माझा फौजदार साध्या कपड्यांत मासळी घेणारा म्हणून जेटीवर पुढे थांबला. त्याच्यामागे जाळ्यांच्या ढिगाआड एसएलआर रायफल घेऊन एक तरुण शिपाई. मी दोन माणसांसह बर्फाच्या खोलीमागे. होडी लागली, आरोपी उतरला आणि फौजदाराचे बूट बघून ओळखलंच त्याने. साध्या कपड्यांखाली पोलिसी बूट! काय बोलावं? आरोपीने कट्टा काढला. शिपायाने ओरडून हवेत एक गोळी झाडली. आरोपीने ऐकलं नाही, त्याने फौजदारावर नेम धरला. मी शिपायाकडे बघितलं. त्याने रायफल खांद्याला लावली, चाप ओढला आणि काहीच झालं नाही. तो रायफलीशी झटत राहिला आणि तेवढ्यात कट्टा वाजला. फौजदार खांदा धरून खाली बसला. आरोपी पळताना शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरला म्हणून आमच्या हाती लागला.

फौजदार वाचला, पण गोळी खांद्याचं हाड फोडून गेली होती. इकडे कोठडीत आरोपी खुशाल हसत होता. मी विचारलं, "हसतोस काय रे?" तर म्हणाला, "तुमच्या शिपायाला इचारा. माझ्या वाडीतला हाय तो. वाडीवाल्यावर कोण गोळी झाडतं काय?"

झालं! ठाण्यात कुजबुज सुरू झाली. दोघे खरंच एकाच वाडीतले, लहानपणी एकाच संघातून क्रिकेट खेळलेले. शिपायाच्या मोबाईलवर आदल्या दिवशीचा आरोपीच्या भावाचा कॉल निघाला. भजनाच्या बारीसाठी, म्हणजे सामन्यासाठी, केला होता म्हणे. कोण विश्वास ठेवणार? फौजदाराचा जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेलो, तर तो दात-ओठ खात म्हणाला, "सर, त्याने मला मरायला सोडलं. त्याला सोडू नका."

रायफल मुख्यालयाच्या शस्त्रागारात तपासणीला पाठवली. मनातल्या मनात मी देवाला हात जोडत होतो, काहीतरी बिघाड निघू दे. तिथल्या माणसांनी नळी बघितली, बोल्ट बघितला, स्वतःकडचं दुसरं मॅगझिन लावून गोळ्या झाडल्या. एकही अडली नाही. अहवाल आला: रायफलीत दोष नाही. म्हणजे दोष माणसात! वरिष्ठांनी मला बजावलं की प्राथमिक चौकशी लवकर संपवा, शिपायाचं निलंबन तर होईलच, पण आरोपीशी संगनमताचा गुन्हाही दाखल करावा लागेल. नोकरी जाणार, वर तुरुंग, आणि गावात कायमची गद्दाराची आई, गद्दाराची बायको. शिपायाची आई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली होती. मी बाहेर पडलो की तिचा एकच प्रश्न, "साहेब, माझ्या पोरान काय केलंन ओ?" मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो.

शेवटी शिपायाला समोर बसवलं. दम दिला, चहा पाजला, पुन्हा दम दिला. माणूस खोटं बोलत असला की त्याची हकीकत दर वेळी जास्त गुळगुळीत होते, हे मी नोकरीत पाहिलेलं. याची हकीकत होती तशीच खडबडीत राहिली. "साहेब, चाप ओढला. नुसतं टक् वाजलं. परत बोल्ट ओढून कॉक केली. परत टक्."

"मॅगझिन का बदललं नाहीस? शिकवलंय ना?"

"बदलायला काढत होतो, तवर साहेब पडले." आणि तो ढसाढसा रडायला लागला.

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी. तिच्या तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर पत्र्याची पट्टी, पट्टीवर गोळ्या. एक गोळी सुटली की स्प्रिंग पट्टीला वर ढकलते आणि रायफल आपणहून पुढची गोळी उचलून नळीत घेते. पट्टीच वर आली नाही, तर गोळी खालीच राहते आणि चाप ओढला की रिकामा टक् वाजतो. बिघाड असलाच तर तो मॅगझिनमध्ये असणार. ते तर उरलेल्या गोळ्यांसकट मुद्देमाल म्हणून वेगळ्या पाकिटात लाखेने मोहोरबंद होतं. त्याची तपासणी कुणी केलीच नव्हती!

मी विचारलं, "हे मॅगझिन तू कधी भरलंस?"

"दसऱ्याला साहेब. पूजा उचलली तेव्हा."

"भरताना काही जाणवलं?"

तो टोपीशी चाळा करू लागला. मी टेबलावर हात आपटला. "बोल की रे! तुझी आई बाहेर बसलीय."

"पट्टी जरा जड जात होती," तो पुटपुटला. "मला आधी वाटलं खारी हवा. मागाहून, जेटीवर टक् वाजल्यावर, ध्यानात आलं. पण बोललो असतो तर ते फौजदार साहेबांवर गेलं असतं. पूजेला तेच बसले होते ना, वहिनींसोबत. ते तिकडं हाड मोडून पडलेत आन् मी त्यांच्यावर ढकलू? आन् देवीच्या पूजेला नावं ठेवू?"

माझ्या डोळ्यांसमोर आमची शस्त्रपूजा उभी राहिली. मीही होतो तिथे, शिऱ्याचा प्रसाद खाल्ला होता. टेबलावर लाल कापड, त्यावर रायफली मांडलेल्या. फोटोत चकाकाव्यात म्हणून बंदुकीच्या तेलाऐवजी सगळ्यांवर खोबरेल चोळलेलं. कोकणात कशालाही खोबरेलच हाताशी येतं. रिकामी मॅगझिनं तोंडं वर करून ओळीने उभी. फौजदाराने मंत्र पुटपुटत ओंजळभर हळद-कुंकवाच्या अक्षता सढळ हाताने सगळ्यांवर टाकल्या होत्या. पूजेचं पावित्र्य म्हणून नंतर कुणी मॅगझिन उघडून झटकलं नाही. वरवर फडकं मारलं आणि गोळ्या भरल्या.

वरिष्ठांची परवानगी घेऊन, दोन पंचांसमोर, शस्त्रागारातला माणूस बोलावून ते मॅगझिन उघडलं. लाख मी स्वतःच फोडली. आत काही नाही निघालं तर? गोळ्या काढल्या तरी पट्टी वर येईना. अर्ध्यावर तिरकी होऊन अडकलेली. तळाचा पत्रा सरकवला आणि कागदावर लाल-पिवळे तांदळाचे दाणे पडले, चिकट झालेल्या खोबरेलाने लडबडलेले, सोबत झेंडूची एक वाळकी पाकळी. एक पंच चटकन म्हणाला, "अरे देवा, ह्या तर अक्षता!" मी खाली मान घालून पंचनामा लिहीत राहिलो, कारण डोळे भरून आले होते.

बाकीची मॅगझिनं तपासली, तर आणखी दोनांत दाणे निघाले. संगनमताचा प्रश्न मिटला. शिपायाला ताकीद मिळाली, नोकरी वाचली. त्याच्या आईला सांगायला मी पुढच्या दाराने गेलो.

फौजदाराला मात्र कसं सांगावं, सुचेना. शेवटी दवाखान्यात जाऊन सांगितलं. तो चांगल्या हाताने रेटा देऊन उठून बसला. मग म्हणाला, "आणि त्याला हे ठाऊक होतं?"

"अंदाज होता."

"आणि माझं नाव घेतलं नाही?"

"नाही."

त्याने चेहऱ्यावर चादर ओढून घेतली. मी निघून आलो.

त्यानंतर आमच्याकडे शस्त्रपूजा बंद झाली नाही. का व्हावी? फक्त पूजेला मॅगझिनं ठेवायची नाहीत आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक हत्यार उघडून, पुसून, चालवून बघायचं, असा मी आदेश काढला. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच की हत्याराचा अहवाल येतो, माणसाचा येत नाही. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ आपण आपल्या भीतीप्रमाणे लावतो. मी तो जवळजवळ लावलाच होता.

आरोपीच्या खटल्यात साक्षीची तारीख लागली, त्या दिवशी फौजदार रजा संपवून पहिल्यांदा गणवेशात आला. साक्षीदार म्हणून त्याला संरक्षण द्यायचं होतं. मी यादी करायला बसलो, तर म्हणाला, "सर, मला तोच शिपाई द्या." शिपाई रायफल घेऊन आला, पांढराफटक पडलेला. फौजदाराने त्याच्याकडे बघितलं, वळला आणि त्याच्याकडे पाठ करून कोर्टाच्या पायऱ्या चढू लागला. एकदाही मागे वळून बघितलं नाही.