येते म्हणावं

वीटभट्टीवर डांबून ठेवलेल्या आणि नंतर सोडवून आणलेल्या बायकांशी मी पनवेलच्या आमच्या केंद्रात बोलते. बोलते म्हणजे बहुतेक वेळ गप्पच बसते. त्यातली एक बाई दर मंगळवारी तासभर खिडकीतून कळंबोलीकडे जाणारे ट्रेलर बघत बसायची आणि वेळ संपली की म्हणायची, "जाते."

मला ते खटकायचं. लहानपणी त्या शब्दावरून आईचे धपाटे खाल्लेत मी. शेवटी एकदा वैतागून बोललेच, "निघताना जाते म्हणू नये हो. येते म्हणावं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "भट्टीवरचा मुकादम मारून झालं का रोज तेच बोलायचा," ती म्हणाली. "येतो. आन यायचा."

मग चपला घालून ती "जाते" म्हणाली आणि गेली. मी फाइलमध्ये पुढच्या मंगळवारची वेळ लिहिली. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटतं असं नाही.

परवा आईकडून निघाले. नेहमीचा शब्द ऐकायला आई दारात थांबली होती. मी नुसत्याच चपला घातल्या.